शाईत न उतरलेली रेघ

वैशाख लागला की नगरच्या मोकळ्या जागांवरचं गवत आधी पिवळं पडतं, मग पांढरं. एखाद्या पट्ट्यात मात्र ते आठवडाभर उशिरा मरतं. हातभर रुंदीचा तो हिरवट पट्टा तालमीच्या मागून निघतो, दोन पडक्या भिंतींच्या मधून जातो आणि गॅरेजच्या पत्र्याखाली नाहीसा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसत नाही. मला गेली चाळीस वर्षं दिसतो, आणि दिसला की माझा दिवस खराब जातो.

त्या पट्ट्याखाली खापरी नळ आहे. निजामशाहीत या शहरात पाणी आलं ते असं: डोंगरपायथ्याच्या विहिरींतून, भाजक्या मातीचे नळ एकात एक बसवून, भोवती चुना आणि दगड लिंपून, कमरेइतके खोल पुरून. पंप नाही, रहाट नाही. निव्वळ उतारावर पाणी चालत यायचं, महालात, हमामात आणि गल्लीबोळांतल्या हौदांत. वाटेत हवा खेळावी म्हणून दगडी खांब उभारलेले. त्यांना उसासा म्हणतात. आज एका उसाशाला रसवंतीवाल्याने आपली ताडपत्री बांधली आहे, दुसऱ्यावर क्लासच्या जाहिराती आहेत, तिसऱ्याला एक शेळी बांधलेली असते आणि ती अगदी मालकिणीसारखी बघते. शहराचं नाव बदललं. ते मी कागदावर नीट लिहितो. तोंडात मात्र नगरच येतं.

या नळांनी मला उतारवयात थोडं नाव दिलं. निवृत्तीनंतर मी त्यांच्यावर एक पुस्तिका लिहिली. शेवटच्या पानावर माझा नकाशा आहे. आता रविवारी सकाळी तरुण मंडळी जुनं शहर बघायला निघतात. त्यांना घेऊन फिरणारी आदिती वास्तुरचनेचं शिकलेली मुलगी आहे. ती मला काका म्हणते, सावलीत खुर्ची टाकायला लावते आणि जमलेल्यांना सांगते की हे नळ काकांनी शोधले. मी मान हलवतो. होकार की नकार ते कळू नये इतपत हलवतो.

मी ते शोधले नाहीत. ते शांतवनने शोधले. हे वाक्य लिहायला मला चाळीस उन्हाळे लागले. त्याचा तो जुना हेवा अजून गेलेला नाही.

तेव्हा मी पस्तिशीत होतो. पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा. शहरात नवे रस्ते व्हायचे होते. त्याआधी जुने नळ कुठून जातात ते शोधून एका कागदावर आणा, असा हुकूम निघाला. मला एक लेव्हल मशीन मिळालं, टेप मिळाली, काळी छत्री मिळाली आणि मदतीला शांतवन मिळाला. तो भिंगारचा. व्हॉल्व्हमन होता, लोक त्याला चावीवाला म्हणत. सायकलच्या दांडीला हातभर लांब चावी बांधून गल्लोगल्ली पाणी सोडत फिरणारा. मी त्याला अरे शांतवन म्हणायचो, तो मला वसंतराव. आम्ही एकाच वयाचे, एकाच साली शाळा सोडलेले.

पहिल्या दिवशी मी मशीन लावलं, जागोजागची उंची घेतली, वहीत आकडे मांडले. तो एका लिंबाखाली बसून बघत राहिला. दुपारी जमीन तव्यासारखी झाली तेव्हा तो उठला, चपला काढून सायकलच्या कॅरिअरला अडकवल्या आणि समोरच्या मोकळ्या जागेवर आडवा चालायला लागला. हळू, एकेक पाऊल पूर्ण टेकवत. मध्येच थांबला, दोन पावलं मागे आला आणि टाचेने मातीत एक खूण केली.

"हितनं जातंय."

मी विचारलं, कशावरून.

"गार लागतंय. चपला काढा की वसंतराव. जमिनीला इचारल्याबिगर ती कशी सांगंल?"

मी चपला काढल्या नाहीत. तळपाय भाजतील हे एक कारण होतं. दुसरं असं की चावीवाल्याच्या सांगण्यावरून ड्राफ्ट्समनने भर रस्त्यात अनवाणी व्हावं, हे मला जमणारं नव्हतं. मी म्हटलं, खणून बघू. खणलं. कमरेइतक्या खोलीवर चुना लागला, त्याखाली खापर. खापराला कान लावला तर आत पाणी सरकत होतं, झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकंच. तो वास मला अजून आठवतो. ओल्या चुन्याचा, थंड, थोडासा बंद पेटीसारखा.

त्या उन्हाळ्यात आम्ही रोज फिरलो. मी आयुष्यभर याच गावात राहिलो, पण हे गाव मी पहिल्यांदा त्याच्या मागून चालत पाहिलं. कासाराच्या दुकानामागे हमामाचा अर्धा घुमट होता आणि त्यात कोंबड्या होत्या. एका पिठाच्या गिरणीची मागची भिंत म्हणजे दोन पुरुष उंचीची जुनी कमान होती आणि गिरणीवाल्याला ते ठाऊक नव्हतं. दुपारच्या वेळी त्या गल्ल्यांत फक्त वरवंट्याचा आवाज असायचा आणि कुठेतरी रेडिओ.

शांतवनची एक पद्धत मी कुठल्याच पुस्तकात वाचली नाही. नगरच्या आडांचं पाणी बहुतेक मचूळ. त्यात डाळ लवकर शिजत नाही. नळाचं पाणी गोड. म्हणून तो दारात उभा राहून विचारायचा, "ताई, तुमच्याकडं डाळ कवा शिजती?" बाया आधी हसायच्या, मग सांगायच्या. आमच्या आडाला डाळ दगडासारखी राहते, पण पलीकडच्या आळीत हौद आहे, तिथली कळशी आणली की लोणी. झालं. त्या हौदात नळ येतो. नकाशावर एक टिंब.

आणि बाया त्याला आत बोलवायच्या. हे मी प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. ज्या घरांत त्याला ओट्याच्या पुढे जागा मिळणार नाही असं मी मनात धरून चाललो होतो, त्या घरांत त्याला पाट मिळत होता, ताक मिळत होतं, सुनेची तक्रार ऐकायला मिळत होती. मी बाहेर छत्री धरून उभा. कुणीतरी मागाहून म्हणायचं, अहो तुमच्याबरोबरच्या साहेबांनाही द्या. तुमच्याबरोबरचे साहेब. ते ताक मला आंबट लागायचं.

त्याला पहार कानाला लावून जमिनीतलं पाणी ऐकू यायचं. पहारेचं एक टोक मातीत, दुसरं कानामागच्या हाडावर. मीही लावून पाहिली, एकदा तो समोर नसताना. मला फक्त माझ्याच रक्ताची धडधड ऐकू आली. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे पाहायचो ते त्याच्या पायांकडे. काळे, भेगाळलेले, अंगठे पसरलेले साधे पाय. माझ्याकडे डिप्लोमा होता. दोन वर्षं मी रात्रशाळेत घासून तो मिळवला होता. आणि हे पाय त्याला फुकट मिळाले होते.

शेवटची शाखा उरली तेव्हा आमचं भांडण झालं. तो म्हणाला, तालमीमागच्या उसाशातून एक फाटा निघतो, तिथल्या लिंबाजवळून वळतो आणि वरच्या गल्लीच्या हौदाला जातो. मी म्हटलं, शक्य नाही. मशीन सांगत होतं की गल्ली उसाशापेक्षा उंच आहे, आणि पाणी चढ चढत नाही. मी हे त्याला दोनदा समजावून सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीभर ज्वारीचं भुसकट घेऊन आला. उसाशाच्या खालच्या खिडकीतून ते पाण्यात सोडलं आणि मला म्हणाला, चला.

वरच्या गल्लीत हौदावर एक बाई कळशी बुडवत होती. आम्ही दोघं काठावर बसलो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मला बरं वाटायला लागलं. इतकं बरं मला त्या महिन्यात वाटलं नव्हतं. आणि मग हौदाच्या कोपऱ्यातल्या तोंडातून पिवळसर काड्या एकेक करून आल्या आणि पाण्यावर गोल फिरायला लागल्या.

"कोन मेल्यानं पान्यात घाण टाकली?" बाई कडाडली. शांतवन हसत हसत काठावरून खालीच सरकला. तिची माफी मागत, डोळे पुसत, परत हसत.

मी हसलो नाही. माझी चूक मला तिथेच कळली होती. मी रस्त्याची उंची मोजत होतो, आणि रस्ता शेकडो वर्षांच्या राडारोड्याने वर आला होता. नळ खाली आपल्या जुन्या उतारावर निवांत चालला होता. ही चूक माणसाला नम्र करू शकली असती.

त्याच आठवड्यात कार्यालयातले साहेब पाहायला आले. बाहेरून बदलून आलेला, उमदा माणूस. शांतवनने सांगितलं तसं त्यांनी पँट सावरून उकिडवं बसत पहार कानाला लावली. मग उठून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "वसंतराव, नकाशा याच्या पायांनी काढलाय. तुम्ही फक्त गिरवा." सगळे हसले, तेही, शांतवनही. कुणाच्या मनात काही नव्हतं. फक्त माझ्या होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलावर बसलो. आमच्या कामाची रीत अशी की आधी जाड कागदावर पेन्सिलीने सगळं मांडायचं, मग त्यावर ट्रेसिंगचं मेणकापड अंथरायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची. कार्यालयात जातं ते वरचं कापड. खालचा कागद कुणी विचारत नाही. मी एकेक नळ उतरवला. हात स्थिर होता. माझ्या रेघेचं सगळे कौतुक करायचे. तालमीमागच्या उसाशाशी आलो. कापडाखालून ती भुसकटाची शाखा, मीच पेन्सिलीत मांडलेली, मला स्पष्ट दिसत होती. मी पेन उचललं, शाई पुसली आणि पुढच्या गल्लीतून परत टेकवलं.

मी खोटं काही काढलं नाही. एक रेघ पेन्सिलीतच राहिली. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की ते आता गुळगुळीत झालं आहे.

पुढच्या वैशाखात रस्त्याचं काम तालमीपाशी आलं. साहेबांची तोवर बदली झाली होती. खणताना पाणी लागलं. शांतवन सायकल टाकून धावत गेला, म्हणाला हा जुना नळ आहे, बुजवू नका. मुकादमाने नकाशा उघडला. नकाशात तिथे काही नव्हतं. गटारीचा पाझर असेल, काँक्रीट भरून टाकू, असं ठरत होतं. तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मी गेलो, छत्री घेऊन. खड्ड्यात स्वच्छ पाणी हळूहळू चढत होतं. शांतवन त्यात पोटरीभर उभा होता. मुकादमाने मला विचारलं.

मी म्हणालो, "नकाशात नाही म्हणजे नाही."

शांतवनने वर पाहिलं. आवाज चढवला नाही. "वसंतराव, तुमच्या डोळ्यांदेखत भुसकट वर आलं हुतं."

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

तो खड्ड्यातून बाहेर आला. काँक्रीट दुपारीच पडलं. आठ-पंधरा दिवसांत वरच्या गल्लीचा हौद आटला. हौदावरच्या बायांनी शांतवनलाच धरलं, कारण चावी त्याच्या सायकलला असायची. कार्यालयात त्याला अनवाणी इंजिनिअर म्हणायला लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. तो हसून घ्यायचा. काही महिन्यांनी त्याने आपण होऊन गावाबाहेरच्या पंपघरावर बदली मागून घेतली. जाण्याआधीच मी एक गोष्ट पाहिली होती आणि तिचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. शांतवन कामावर चपला घालून चालायला लागला होता.

मला वाटलं होतं, आता तरी तो हेवा संपेल. उलट झालं. त्याने माझं नाव कुणाकडे घेतलं नाही, तक्रार केली नाही, म्हणून मला त्याच्या गप्प राहण्याचाही हेवा वाटू लागला. पुस्तिकेत मी लिहिलं, एका कर्मचाऱ्याचे साहाय्य झाले. तो वारला तेव्हा मी भिंगारच्या चर्चपर्यंत गेलो, आतून प्रार्थनेचे सूर येत होते, ते फाटकाबाहेर उभं राहून ऐकले. इतकी माणसं आली होती की सायकली रस्त्याच्या दुसऱ्या बाजूपर्यंत लावलेल्या. मी त्या सायकलींचासुद्धा हेवा केला.

आता गेल्या रविवारचं सांगतो.

आदितीचा घोळका तालमीमागे आला तेव्हा ऊन चढलं होतं. पंधरावीस जण, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये माझा नकाशा. मी उसाशाच्या सावलीत खुर्चीवर. घोळक्यात पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई होत्या, सुती साडी, खांद्याला शबनम. त्यांनी सँडल काढून हातात घेतले होते आणि त्या मागे रेंगाळत चालत होत्या. हळू, एकेक पाऊल पूर्ण टेकवत. त्यांनी नाव सांगायच्या आधीच त्या कुणाची लेक ते मला कळलं होतं.

त्या थांबल्या. "इथून काहीतरी जातंय. गार लागतंय."

मुलं भोवती जमली. कुणीतरी गवताकडे बोट दाखवलं: बघा, इथलं हिरवं आहे. आदितीने मोबाईल वळवून, मोठा करून पाहिला. मग माझ्याकडे वळली. "काका, तुमच्या नकाशात इथे काहीच नाही?"

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला तोच प्रश्न त्याच जागी दुसऱ्यांदा विचारला जावा, ही केवढी कृपा. मला ती कळली. पण त्याच वेळी मी त्या पायांकडे पाहत होतो. माझा मुलगा पुण्यात असतो. त्याला माझ्या हातातलं काहीही आलं नाही, रेघा आखायची माझी टी-स्क्वेअर त्याने नुसती फळी म्हणून वापरली. आणि या माणसाचे पाय इथे उभे होते, लेकीच्या रूपाने, ऐन वैशाखात, माझ्या खुर्चीसमोर.

मी म्हणालो, "नकाशात नाही म्हणजे नाही."

बाई वाद घालतील असं वाटलं. त्यांनी फक्त मान डोलावली, मग वाकून सँडल घातले.

त्या सँडलच्या पट्ट्याचा आवाज मी घरी घेऊन आलो. जेवण गेलं नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या चादरीखाली, तो जाड कागद गुंडाळून ठेवलेला आहे. फाडून टाकावा असं अनेकदा वाटलं आणि टाकला नाही. ड्राफ्ट्समनला मूळ कागद फाडवत नाही, एवढंच त्यातलं पुण्य. कागद पसरला. पेन्सिलीची रेघ फिकट झाली आहे, पण आहे. खाली कोपऱ्यात चौकट: पाहणी करणारा, आखणारा. दोन्ही ठिकाणी माझी सही. मी पहिली सही खोडली आणि पेन्सिलीने लिहिलं, शांतवन. मग पेनात शाई भरली. पण हात आता कापतो. पेन टेकवलं असतं तर डाग पडला असता. मी ते पुसून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कागद आणि आखायची फळी घेऊन रिक्षाने भिंगारला गेलो. बाईंचं नाव सुवार्ता. श्रीरामपूरला शिक्षिका आहेत, सुट्टीला भावाकडे आलेल्या. पत्ता आदितीने दिला. मी कागद त्यांच्यापुढे उघडला आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं, याच क्रमाने, मेणकापडासकट. संपल्यावर त्या म्हणाल्या, "भुसकटाचं बाबांनी सांगितलं होतं."

मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणायचे.

"नाव नाही घेतलं कधी. म्हणायचे, आम्ही दोघांनी पाहिलं, त्यातल्या एकाला आठवत नाही." मग त्या म्हणाल्या, "कामावर चपला घालायचे. रविवारी मला घेऊन निघाले की काढायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं चालायला शिकवतात."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, मला सांगता येणार नाही. त्या कागदावर वाकल्या होत्या. कोपऱ्यातल्या नावाकडे त्यांनी पाहिलं, बोट क्षणभर तिथे ठेवलं, आणि मग उचलून सरळ रेघेवर आणलं.

"हे चुकलंय, काका. तुम्ही लिंबाच्या उजवीकडून काढलीय. ती डावीकडून जाते."

त्या कागदाबद्दल आजवर मला कुणी चुकलंय म्हटलेलं नाही. आणि खरं सांगतो, इतकं सगळं ओकून टाकल्यावरही मला राग आला. मी म्हणालो, मी स्वतः मोजलं होतं. मशीनने. त्या म्हणाल्या, मग चला, दाखवते.

दुपारचा एक वाजला होता. तालमीमागे कुणी नव्हतं. शेळीसुद्धा सावलीला गेलेली. सुवार्ताबाईंनी सँडल काढले आणि माझ्या पायांकडे पाहिलं. मी उसाशाला हात टेकून चपला काढल्या, एक, मग दुसरी. मातीने तळवे असे धरले की डोळ्यांत पाणी आलं. एका हाताने मी त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हातात कागद लावलेली फळी. आम्ही लिंबाच्या दिशेने निघालो. त्या मोजत नव्हत्या, बघत नव्हत्या, नुसत्या चालत होत्या. लिंबाच्या डावीकडे वळल्या. पाच-सहा पावलं. थांबल्या.

"इथं. लागतंय का गार?"

मी पाऊल पूर्ण टेकवलं. वाट पाहिली. दुसरंही टेकवलं. मला काही लागलं नाही. तळवे भाजतच होते.

मी फळी उसाशाच्या कट्ट्यावर ठेवली, खिशातून पेन काढलं आणि कापत्या हाताने, त्यांच्या शब्दावर, लिंबाच्या डावीकडून रेघ शाईत काढली.